नऊ चौकोन

मशीननं माणसाला मार्क देण्याचे दिवस आले, आणि सुनंदाबाई होवाळांना शंभरपैकी नव्व्याण्णव पडले.

"एक कुठं गेला?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"तो कुणालाच मिळत नाही, आत्या. तुझ्या खालोखाल जी सिस्टर आहे ना, तिला एक्क्याऐंशी आहेत. बाकीच्यांचं तर विचारूच नकोस."

मृण्मयी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती सुनंदाबाईंच्या क्वार्टरमध्ये राहून शिकली होती, त्यांच्या हातची भाकरी खाऊन आणि त्यांच्या ड्युटीच्या गोष्टी ऐकून. आता ती पुण्यात 'कानोसा' नावाचा पट्टा बनवणाऱ्या गटाची प्रमुख होती. बोरजाईच्या ज्या ग्रामीण रुग्णालयात सुनंदाबाईंनी प्रसूतिकक्षात सव्वीस वर्षं काढली, तिथंच उद्या सकाळी अकरा वाजता त्या पट्ट्याचं उद्घाटन होतं. तिथून पुढं राज्यातली तीनशे चाळीस रुग्णालयं. शिवाय सुनंदाबाईंचा सत्कार, शाल, श्रीफळ. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी आपली कुणाला आठवण आहे हे कळल्यावर त्यांनी चंदेरी साडी काढून इस्त्रीला दिली होती. खोटं कशाला बोला, त्या हरखल्या होत्या.

पट्टा दिसायला अगदी साधा होता. कमरेच्या दुखण्याला बांधतात तसला, चार बोटं रुंद. आतून बारीक बारीक कान लावलेले. ते बाळाच्या हृदयाचा आवाज ऐकत, त्याची विजेची सूक्ष्म लहर टिपत आणि आईची नाडी वेगळी काढून बाजूला ठेवत. जुन्या यंत्रांची तिथंच फसगत व्हायची. आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जायचे आणि सगळे निर्धास्त राहायचे. पण ऐकणं हा सोपा भाग. ऐकलेल्याचा अर्थ लावणं अवघड. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला एकशेदहा ते एकशेसाठ. कळ आली की गर्भाशय आवळतं, बाळाकडे जाणारं रक्त घटकाभर कमी होतं. धडधाकट बाळ ते सोसतं. ज्याला प्राणवायू कमी पडू लागलाय त्याचे ठोके मात्र कळेबरोबर उतरतात आणि कळ ओसरली तरी लवकर वर येत नाहीत. एक उतार निरुपद्रवी आणि तसाच दिसणारा दुसरा उतार जीवघेणा. प्रत्येक उताराला ओरडणाऱ्या यंत्रांनी गेल्या तीस वर्षांत हजारो बायकांची पोटं विनाकारण फाडली होती. कधी ओरडायचं यापेक्षा कधी गप्प राहायचं, हे कानोशाला शिकवायचं होतं.

"त्यासाठी शेवट माहीत असलेल्या केसेस लागतात," मृण्मयी सांगत होती. "बाळ वाचलं की गेलं, आणि त्याआधी तासन् तास ठोके काय होते. म्हणून आम्ही जिल्ह्यातले जुने पार्टोग्राफ उचलले. एकेचाळीस हजार."

पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपणाचा आलेख-कागद. दर अर्ध्या तासाला सिस्टरनं बाईच्या पोटावर यंत्र लावायचं, पूर्ण मिनिटभर ठोके ऐकायचे आणि चौकोनात आकडा लिहायचा. नियम असा. रीत मात्र वेगळी होती, आणि ती सुनंदाबाईंना कुणी सांगायला नको होती. सिस्टर एक, बाळंतिणी चार. बाळंतपण उरकलं, की चहा घेता घेता एका बैठकीत सगळे चौकोन भरायचे. एकशेचाळीस, एकशेचाळीस, एकशेबेचाळीस.

"ते आम्ही पकडलं!" मृण्मयी हसली. "खोटा आकडा लिहिणाऱ्याला शून्य फार आवडतो. सम आकडे आवडतात. एकच शाई, एकच दाब. आणि मुख्य म्हणजे खोट्या आकड्यांचा कळांशी काही मेळच नसतो. एकतीस हजार कागद फेकून दिले. उरलेल्यांत ज्या सिस्टरचे मार्क जास्त तिच्या कागदाला वजन जास्त. तुझा एक कागद म्हणजे साध्या शंभर कागदांच्या बरोबरीचा. आणि हा बघ, हा तर आमचा हिरा आहे."

तिनं टॅबलेट पुढं केला. पिवळट पडलेला कागद, वळणदार अक्षर. बारा फेब्रुवारी, मंगळवार. मोनाली पुकळे, वय वीस, पहिलं बाळंतपण. पाणी हिरवट. साडेअकरा ते साडेतीन, अर्ध्या अर्ध्या तासाचे नऊ चौकोन. शेरा: 'पेशंटने सहकार्य केले नाही.' निकाल: मृत बालक.

सुनंदाबाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"हिरवट पाणी, लांबलेल्या कळा, कळेनंतर ठोके उतरतात, पण दर वेळी सावरतात. शेवटपर्यंत सावरतात. तरी बाळ गेलं," मृण्मयी उत्साहानं बोलत होती. "म्हणजे मरण दुसऱ्याच कशानं आलं, या उतारांनी नव्हे; ठोक्यांत काही सूचनाच नव्हती. अशा उतारांना घाबरून पोट फाडण्यात अर्थ नाही, हे मशीन या कागदावरून शिकलं. तिथंच आमची एक तृतीयांश सिझेरियन वाचली. अशी दुसरी केस सहसा मिळत नाही. चाचणीत मात्र एक मिळाली. हिरवं पाणी, असेच उतार, आणि पट्ट्यावर शेवटपर्यंत हिरवा दिवा."

"आणि बाळ?"

"गेलं. वाईटच झालं. पण तज्ज्ञांनी तुझ्या कागदाशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. कुणाचीच चूक नव्हती, हे त्या आईला निदान खात्रीनं सांगता आलं."

सुनंदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस न पेटवताच चहाचं आधण ठेवून उभ्या राहिल्या.

त्या मंगळवारची एक गोष्ट त्यांनी सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. बुधवारी मानांकनाची टीम येणार होती. रुग्णालयाला प्रमाणपत्र मिळायचं होतं आणि टीम कागद तपासते, बाया तपासत नाही. रुग्णालयाच्या डॉक्टरसाहेबांनी बजावून सांगितलं होतं की वर्षभराचा एकही पार्टोग्राफ अर्धवट दिसता कामा नये. मग कक्षाशेजारच्या स्टोअररूममध्ये स्टुलावर बसून सुनंदाबाई दुसऱ्या सिस्टरांचे राहिलेले कागद भरत होत्या. कधीच्या बाळंत होऊन गेलेल्या, लेकरं रांगायला लागलेल्या बायकांचे ठोके. एकशेचाळीस, एकशेचाळीस. त्या सिस्टरांना आज मशीननं अठरा-वीस मार्क दिले होते, त्यांतले निम्मे आकडे सुनंदाबाईंचेच होते.

आणि पलीकडच्या टेबलावर मोनाली होती. अकरा वाजता तिचे ठोके त्यांनी नीट ऐकले होते, एकशेबेचाळीस. त्यानंतर 'आता जाते, हा गठ्ठा झाला की जाते' असं करता करता पावणेचार झाले. जाऊन यंत्र लावलं तेव्हा सत्तर ऐकू आले. मग साठ. मग काहीच नाही. साहेबांना बोलावलं, धावपळ झाली, चार वाजून दहा मिनिटांनी बाळ आलं. मुलगा होता. केस दाट होते. सासू दारातच उभी होती, साहेब विचारत होते काय झालं, आणि सुनंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "पोरीनं मांड्या आवळल्या. माझं ऐकलंच नाही."

एवढंच बोलणं. सगळ्या गावाला ते पुरलं.

संध्याकाळी त्यांनी मोनालीचा कागद भरला. तो एकशेचाळीस-एकशेचाळीस करून भागणार नव्हता, कारण मेलेल्या बाळाचा कागद टीम नक्की बघणार. सुनंदाबाईंनी हजारो बाळांचे ठोके ऐकले होते. कळेनंतर ते कसे उतरतात, कसे चढतात, डोकं खाली सरकताना कसे अडखळतात, हे त्यांच्या कानात मुरलेलं होतं. ते सगळं ज्ञान त्यांनी त्या नऊ चौकोनांत ओतलं. एकशेअडतीस, एकशेचव्वेचाळीस, एकशेसव्वीस, एकशेएकतीस. चौथ्या चौकोनानंतर पेनसुद्धा बदललं. बुधवारी टीममधल्या एका बाईंनी तो कागद वाचून म्हटलं, "इतकं करूनही बाळ हाती लागलं नाही. वाईट वाटतं हो." रुग्णालयाला प्रमाणपत्र मिळालं. काचेच्या चौकटीतलं ते प्रमाणपत्र अजून व्हरांड्यात टांगलेलं आहे.

आधण तसंच ठेवून त्या बाहेर आल्या.

"मृण्मयी, तो एक कागद काढून टाकता येईल का गं?"

"का?"

"अक्षर फार बिघडलंय त्यात."

मृण्मयीला हसू आवरेना. "आत्या, तू धन्य आहेस! अगं, कालवणातलं मीठ बाजूला काढता येतं का? तो कागद आता सगळ्यात मुरलाय. काढायचा तर मशीनला पहिल्यापासून शिकवावं लागेल, दोन महिने जातील. आणि कारण लेखी द्यावं लागतं, सहीनिशी." मग तिनं जरा निरखून पाहिलं. "तुला काही वेगळं आठवलं का?"

हे असं सरळ विचारणारं माणूस सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं, आणि तेही घरचं.

"छे गं," सुनंदाबाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. पहिल्या वेळी निदान घाबरल्या तरी होत्या. या वेळी तर सोफ्यावर बसून, समोर भावाची मुलगी असताना, शांतपणे खोटं बोलल्या होत्या.

सकाळी दहालाच त्या रुग्णालयात पोचल्या. दारात रांगोळी, आवारात मांडव, स्टेजवर खुर्च्यांना पांढरी कव्हरं. नव्या सिस्टरा येऊन पाया पडत होत्या आणि प्रत्येकीला "असू दे, असू दे" म्हणताना सुनंदाबाईंची मान खाली खाली जात होती. गर्दी टाळायला त्या प्रसूतिकक्षाकडे वळल्या, तर आतून ओळखीचा आवाज आला.

मोनाली होती. आता सत्तेचाळीस वर्षांची, केसांत चांदी, अंगावर आशांच्या गटप्रवर्तकाचा कोट. त्या बाळानंतर तिला दोन मुली झाल्या. मग ती आशा झाली, मग गटप्रवर्तक. आपल्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून वाडीवस्तीवरच्या बायांना स्वतः रुग्णालयात घेऊन यायची. दर हिवाळ्यात सुनंदाबाईंच्या घरी पिशवीभर बोरं पाठवायची. त्या बोरांतलं एकही सुनंदाबाईंच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं. शेजारी वाटून टाकायच्या.

टेबलावर विशीतली एक मुलगी कळा देत होती. पोटावर पट्टा, उशाशी हिरवा दिवा. मोनाली तिचा हात धरून सांगत होती, "हे बघ बाय, म्या माझ्या हातानं माझं पैलं लेकरू घालवलं. कळ आली आन् म्या भिऊन मांड्या आवळल्या. सिस्टर वरडत हुत्या, पर म्या ऐकलं न्हाई. तू तसं करू नगंस."

ती मुलगी कळ विसरून मोनालीकडे बघत राहिली.

"सिस्टर!" मोनालीनं दारातल्या सुनंदाबाईंना पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "ह्याच त्या सिस्टर बघ. दर अर्ध्या घंट्याला येऊन पोटावर यंत्र लावत हुत्या. मला तर दुखण्यापायी त्येबी ध्यानात न्हाई. पुढं आशाच्या ट्रेनिंगला कागद दाखवला तवा कळलं." मग सुनंदाबाईंना, हलक्या आवाजात, "आज स्टेजवरबी सांगणार हाय म्या. जिथं जाईन तिथं सांगती. लाज वाटती, पर दुसरीचं लेकरू तरी वाचंल."

सत्तावीस वर्षं ही बाई दारोदार जाऊन एक गुन्हा कबूल करत होती, आणि गुन्हेगार घरी बसून तिची बोरं वाटत होती. इतकंच नाही, तर आपल्याजवळ कुणी आलं नाही हे तिला नीट आठवत होतं. त्या कागदापायी तिनं स्वतःच्या आठवणीलाच खोटं पाडलं होतं.

उशाशी हिरवा दिवा शांतपणे तेवत होता. त्याचा शांतपणा कुठून आला हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

"सिस्टर," सुनंदाबाई ड्युटीवरच्या तरुण सिस्टरला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा करडा निघाला, "पट्टा असू दे बाजूला. डॉपलर घे. प्रत्येक कळेनंतर पूर्ण मिनिटभर ऐक. कुणीही बोलावलं तरी हिच्याजवळून हलायचं नाही."

मृण्मयी व्हरांड्यात पाहुण्यांची वाट पाहत उभी होती, नेमकी त्या काचेच्या चौकटीखाली. सुनंदाबाईंनी काही पाल्हाळ लावलं नाही.

"मोनाली पुकळेचा कागद खोटा आहे."

"कुठली नोंद?"

"नऊच्या नऊ."

"शक्यच नाही. कळांशी मेळ आहे त्यात. उतार आहेत, सावरणं आहे. मशीननं सतरा वेळा तपासलाय तो कागद."

"ठोके कसे चालतात ते मला माहीत होतं गं. म्हणून तसे लिहिता आले. पावणेपाच तास मी तिच्याकडे फिरकले नाही. स्टोअररूममध्ये बसून हे प्रमाणपत्र मिळवत होते." त्यांनी वर बोट केलं. "आणि काल तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले."

मृण्मयीनं वर त्या चौकटीकडे पाहिलं. तिला उद्घाटनाची आठवण झाली नाही, मार्कांची झाली नाही. ती म्हणाली, "चाचणीतलं ते बाळ. आत्या, ते उतार खरे होते. ते बाळ ओरडून सांगत होतं आणि आम्ही हिरवा दिवा लावून ठेवला. त्याच्या आईला मी स्वतः फोन केला होता. कुणाचीच चूक नाही म्हणून."

"तिच्याकडे मी येते तुझ्याबरोबर."

"तुम्ही नका येऊ," मृण्मयी म्हणाली.

लहानपणापासून जिनं 'अगं आत्या' म्हटलं, तिच्या तोंडचं ते 'तुम्ही' सुनंदाबाईंच्या जिव्हारी लागलं. लागणारच होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. मृण्मयीनं चाचणीतल्या सगळ्या रुग्णालयांना पट्टे बंद करायला कळवलं. स्टेजवर जाऊन तिनं दोन वाक्यांत सांगितलं की यंत्राच्या शिक्षणात गंभीर चूक आढळली आहे, उद्घाटन होणार नाही. आलेल्या पाहुण्यांनी थोडी कुजबुज केली, उपमा खाल्ला आणि गाड्या काढल्या. शाल पुन्हा घडी होऊन पिशवीत गेली. कक्षातल्या मुलीला दुपारी एक वाजता मुलगी झाली, चांगली ठणठणीत. पट्ट्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं, पण सुनंदाबाई ते रडणं ऐकून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या.

तिथंच मृण्मयी आली. हातात जुन्या कागदाची मोठ्या आकाराची छापील प्रत होती.

"कागद नुसता काढून भागणार नाही," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "दुरुस्त करावा लागेल. चांगला जाणता हात खोटं कसं लिहितो हे आम्ही मशीनला कधी शिकवलंच नव्हतं. आणि आणखी एक. आमचं मशीन रिकामा चौकोन कधी ठेवतच नाही. ऐकू आलं नाही की मागच्यापुढच्या आकड्यांवरून अंदाजानं भरून टाकतं. ते त्याला कुणी शिकवलं याचा मी विचार करतेय." तिनं कागद बाकावर ठेवला. "प्रत्येक चौकोन तुमच्या हातानं. आणि समोर या कागदावरची आई पाहिजे. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

स्टोअररूम तीच होती. स्टूलसुद्धा तेच असावं, नुसता रंग नवा होता. सुनंदाबाईंनी मोनालीला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. कार्यक्रम का मोडला ते तिला कळलं नव्हतं आणि तिचं भाषण राहून गेलं होतं.

सुनंदाबाईंनी सांगितलं. मानांकनाची टीम, कागदांचा गठ्ठा, अकरानंतरचे पावणेपाच तास, बदललेलं पेन.

"आणि मांड्या?" मोनालीनं विचारलं.

"तू आवळल्या नव्हत्यास. पहिलटकरणीनं जेवढं करायचं तेवढं सगळं तू केलंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं, मोनाली. ते मी माझी कातडी वाचवायला बोलले."

मोनालीनं भिंतीला हात टेकवला. सुनंदाबाईंना वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. त्यातलं काहीही झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हंजे मला बरोबर आठवत हुतं," मोनाली सावकाश म्हणाली. "मला वाटायचं कुणी आलंच न्हाई. आन् मी म्हणायची, कागद कसा खोटा बोलंल? माझंच डोस्कं फिरलं आसंल." तिनं भिंतीवरचा हात काढला. "सासू मरोस्तवर माझ्या हातचं पाणी पिली न्हाई, सिस्टर. आन् म्या सत्तावीस वर्षं बायास्नी काय सांगत फिरले?"

"मला माफ कर, असं म्हणायचं तोंडसुद्धा नाही मला."

"मग म्हणू नगा."

तिनं छापील कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरून नऊही आकडे एकेक करून वाचले आणि पुन्हा टेबलावर ठेवला. मग सुनंदाबाईंसमोर पेन सरकवलं. आकडा खोडायचा, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची, असं मृण्मयीनं सांगितलं होतं.

"म्या येळ वाचती," मोनाली म्हणाली. "तुमी लिवा. साडेअकरा."

"ऐकले नाही," सुनंदाबाईंनी लिहिलं. आयुष्यभर भराभर कागद भरलेला तो हात पहिल्यांदा अक्षर अक्षर जोडत चालला होता.

"बारा."

"ऐकले नाही."

"साडेबारा. तवा घसा वाळला हुता माझा. पाणी मागाय कुणीच नव्हतं."

"ऐकले नाही."

"एक." मोनाली थांबली. तिचं बोट त्या चौकोनावर होतं. "एक वाजता म्या हाक मारली हुती. सिस्टर, पोटात हलंना झालंय, आसं."

सुनंदाबाईंचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. स्टोअररूम आणि टेबल यांच्यामध्ये तेव्हा नुसता हिरवा पडदा होता. आतासुद्धा 'ऐकले नाही' लिहिता आलं असतं, आणि ठोक्यांपुरतं ते खरंही होतं.

"ती ऐकली होती," त्या म्हणाल्या. "आलेच, असं म्हणाले मी आतून. आणि आले नाही."

मोनालीनं डोळे मिटले आणि उघडले.

"मग ते लिवा."

"हा ठोक्यांचा चौकोन आहे, मोनाली. यात फक्त..."

"लिवा."

चौकोन लहान होता. सुनंदाबाईंनी लिहिलं, 'हाक ऐकली. गेले नाही.' अक्षरं चौकोनात मावली नाहीत, रेघ ओलांडून बाहेर गेली. खाली त्यांनी सही केली. मोनालीनं वाकून ते दोनदा वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि बोट पुढच्या चौकोनावर ठेवलं.

"दीड," ती म्हणाली.